शर्यतीची होडी एकट्याला कशी झेपेल?

भिगवणहून इंदापूरकडे जाताना डाव्या हाताला उजनी जलाशयाचे विस्तीर्ण पाणी पसरलेले असते. भीमा नदीवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. आज तेथे कोळ्यांच्या होड्या चालतात, रोहित पक्षी पाहायला बारामती-पुण्याची मंडळी येतात. पण हेच शांत पाणी वाऱ्यात कसे बदलते पाहा. २१ मे २०२४ रोजी कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले.

वारा आणि होडी यांचे गणित समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एखाद्याकडे शर्यतीची जुनी, शिडाची होडी आहे. तिच्यातून उजनीवर एकट्याने सावकाश फिरायचे आहे. होडीत काय काय बदलावे लागेल?

एंटरप्राइज जातीची होडी घेऊ. जॅक होल्ट यांनी १९५६ साली इंग्लंडमध्ये तिचा आराखडा केला. भारतातही तिच्या शर्यती होत आल्या आहेत. लांबी सुमारे ४ मीटर, रुंदी १.६ मीटर, वजन ९० किलो आणि दोन शिडे मिळून क्षेत्रफळ सुमारे १०.५ चौरस मीटर. ती दोघांनी चालवायची असते. का, ते आता पाहू.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. सेकंदाला ४ मीटर वेगाचा वारा प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १ किलो भार देतो. ८ मीटर वेगाचा वारा ४ किलो देतो. म्हणजे पूर्ण शिडावर ४२ किलो. हा भार पाण्याखालच्या आधारापासून २.५ मीटर उंचीवर लागतो असे धरू. तेव्हा होडी कलवणारे बल-आघूर्ण ४२ × २.५ = १०५ किलोग्रॅम-मीटर.

याला तोल कोण देणार? ६० किलो वजनाचा माणूस काठावर बसून बाहेर झुकला, तर मध्यापासून सुमारे १ मीटर अंतरावर येतो. त्याचे आघूर्ण ६०, दोघांचे १२०. दोघे होडी सावरतील, एकट्याला ती आवरणार नाही. (होडीच्या रुंद तळाचा आधार आपण हिशेबात धरलेला नाही.)

पहिला बदल : शीड आखडणे. पुढचे लहान शीड काढून टाकावे. मोठ्या शिडाच्या खालच्या भागात आडव्या ओळीत भोके पाडून त्यांना कड्या बसवाव्यात. तेवढा भाग गुंडाळून दोरीने बांधता येतो. समजा, क्षेत्रफळ ६ चौरस मीटर उरले व उंची २ मीटरवर आली. आता आघूर्ण २४ × २ = ४८. एकट्याला झेपले!

दुसरा बदल : मधली फळी. पुढचे शीड गेल्याने वाऱ्याचा जोर मागे सरकतो व होडीचे तोंड वाऱ्याकडे वळू लागते. पाण्यातली खिळीवर फिरणारी फळी थोडी मागे उचलली की पाण्याचा आधारही मागे सरकतो आणि सुकाणू हलके होते.

तिसरा बदल : तरंगण्याची सोय. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे ५० लिटरची हवाबंद पिशवी पूर्ण बुडाली, की जवळजवळ ५० किलोची उचल देते. जुन्या पिशव्या झिजलेल्या असतात. त्या बदलून घट्ट बांधाव्यात. डोलकाठीच्या टोकाला १० लिटरचा बंद डबा लावावा. होडी आडवी झाली, तर ६ मीटर लांबीवर तो ६० किलोग्रॅम-मीटर आघूर्ण देतो आणि होडी पालथी होऊ देत नाही.

शीड चढवण्या-उतरवण्याच्या दोऱ्या बसल्या जागी हाताला येतील अशा घ्याव्यात, सोबत नांगर ठेवावा. यातली कोणतीही सोय तरंगजाकिटाची जागा घेत नाही. ते अंगात हवेच, आणि शिकताना जाणते माणूसही जवळ हवे.

आता एक गणित तुमच्यासाठी. वैशाखातल्या संध्याकाळी वळीव आला आणि वारा सेकंदाला १२ मीटर झाला. आखडलेल्या शिडावर आघूर्ण किती होईल? ते ६० पेक्षा जास्त की कमी? उत्तर काढा, म्हणजे आभाळ भरून येताच शीड पूर्ण उतरवून काठ का गाठायचा, हे आपोआप कळेल.