जोता आखण्याआधी

पोरी,

घरकुलाच्या ‘ड’ यादीतून तुझं नाव निघालं आणि घर मंजूर झालं, हे आक्काने फोनवर सांगितलं तेव्हा मी एका टाकीच्या सेंट्रिंगवर उभा होतो. तिथूनच ओरडून बिगाऱ्यांना सांगितलं, संध्याकाळी सगळ्यांना भजी खाऊ घातली. रात्री जावईबापूंचा फोन आला. म्हणाले, “मामा, पाचशे फुटांचा नकाशा काढून घेतलाय. पुढे पडवी, बाजूने जिना.” तेव्हापासून झोप नाही. म्हणून हे लिहून पाठवतोय. जेवणं झाल्यावर निवांत वाच.

सरकार घर देत नाही, घराला हातभार देतं. हिशोब मांडून बघ. घरकुल योजनेचे १,२०,०००. रोजगार हमीतून स्वतःच्या घरावर काम केल्याचे ९० दिवस. २०२५-२६ चा रोज ३१२ रुपये, म्हणजे २८,०८०. शौचालयाचे १२,०००. राज्याने २०२५ साली ५०,००० वाढवले, पण त्यातले १५,००० छतावरच्या सौर पॅनेलचे आहेत, भिंतीला ३५,००० च. सगळं मिळून दोन लाखाला पाच हजार कमी. आणि योजनेची अट आहे निदान २५ चौरस मीटरची, स्वयंपाकाच्या जागेसकट. म्हणजे २६९ चौरस फूट. तेवढ्याच घराला सिमेंटच्या शंभरेक गोण्या आणि टनभर सळई लागते, त्यातल्या वीसेक गोण्या एकटा स्लॅब खातो. आता तूच सांग, पाचशे फूट कशातून उभं राहणार? तुमच्या गावच्या रस्त्याने जाताना लिंटलवर थांबलेली घरं मोज. आतून बाभळी उगवल्यात. त्यातल्या एकाचाही मालक आळशी नव्हता. जोता मोठा टाकला, एवढीच चूक.

म्हणून २६९ च आख. फार तर २८०. मागच्या बाजूला जागा मोकळी सोड, खोली पाच वर्षांनी काढता येते. पडवी आत्ता नको. जिना तर मुळीच नको. वर जायचंच झालं तर लाकडी शिडी आहे.

दुसरं, पैसा येतो तो कामाच्या मागून येतो. पहिला हप्ता १५,००० चा. तो सोडला तर आधी काम, मग फोटो, मग पैसे. जोता झाला की अभियंता येऊन मोबाइलवर फोटो काढणार, तो फोटो ऑनलाइन चढणार, मग पुढचा हप्ता. मध्ये महिना जातो, कधी दोन. तेवढ्या दिवसांत गवंडी थांबत नाही, तो दुसरीकडे काम धरतो आणि मग दिवाळीशिवाय परत येत नाही. मी स्वतः असाच वागलोय, म्हणून सांगतो. तेव्हा जोत्यापुरता पैसा पहिला हप्ता येण्याआधी घरात हवा. तो बचत गटातून उचल. दर आठवड्याला दारात येऊन बसणाऱ्या कंपन्यांकडून उचलू नको. हप्ता सरकारकडून उशिरा आला तर तू थांबशील, त्यांचा माणूस थांबत नाही. दोन शेळ्या विकाव्या लागल्या तरी चालेल, शेळ्या परत होतात. योजनेत बँकेकडून ७०,००० पर्यंत कर्जाची सोय आहे म्हणतात. बँकेत जाऊन विचार, पण त्या भरवशावर खड्डा खणू नको.

सिमेंट-सळईचा दुकानदार उधार देईल. गोड बोलेल, चहा पाजेल. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव वेगळा असतो, हे वहीत दोन रकान्यांत लिहून घे, म्हणजे चहा केवढ्याला पडला ते कळेल.

आता कागद. यात जावईबापूंना फार गुंतवू नको, ते चिडतात. तू जा.

खातं तुझ्या नावाचं, आधारला जोडलेलं हवं. तुझं जनधनचं खातं केवायसीविना ‘छोटं खातं’ म्हणून पडून असेल, तर त्यात पन्नास हजारांवर शिल्लक राहू देत नाहीत आणि हप्ता परत जातो. आधी बँकेत जाऊन केवायसी कर. ज्या खात्यावर पीककर्जाची थकबाकी आहे ते तर देऊच नको. एका शेजाऱ्याचा हप्ता आला त्या दिवशीच बँकेने खात्याला होल्ड लावला. बिचारा तीन महिने पायऱ्या झिजवत होता.

जागा सासऱ्यांच्या नावावर आहे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढून आण आणि दिरांची संमती लिहून घे, साक्षीदारासकट. आज सगळे एका ताटात जेवतात, पण छत पडल्यावर मन बदलतं. जोत्याच्या वेळी कुणी भांडत नाही, स्लॅबच्या वेळी भांडतात. तुझ्या जाऊबाईंकडे जागाच नाही, असं आक्का म्हणाली. त्यांना सांग, जागा घ्यायला वेगळी योजना आहे, पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची. ५०० चौरस फुटांपर्यंत, एक लाखापर्यंत मदत. यादीत नाव असेल तर पंचायत समितीत विचारावं.

घर तुझ्या नावावर होतंय. नियमच आहे, बाईच्या नावावर किंवा दोघांच्या. कुणी म्हणेल, “काय फरक पडतो, नंतर बदलू.” बदलू नको. यावर मी अधिक बोलत नाही, तुझ्या आईचं काय झालं ते तुला ठाऊक आहे.

जुनं घर फोटोआधी पाडू नको. आधी जुन्या कच्च्या घराचा आणि नव्या जागेचा फोटो होतो, जागेच्या खुणेसकट. पुढचे सगळे फोटो तिथलेच लागतात. दहा पावलं सरकून बांधलं तरी हप्ता अडकतो. आणि पाडलेले पत्रे, दारं, वासे विकू नको. पावसाळ्यात कुठे राहणार?

रोजगार सेवकाला काम सुरू होण्याआधी भेट. मस्टर आधी निघालं पाहिजे. काम होऊन गेल्यावर दिवस भरत नाहीत, आणि २८ हजार म्हणजे तुझ्या विटा आहेत. वाळू पाच ब्रासपर्यंत फुकट मिळते, तहसीलमध्ये अर्ज टाक. वाहतूक आपली. “हप्ता सोडवून देतो, पाच हजार दे,” म्हणणारा कुणी ना कुणी दारात येईलच. त्याला बसायला घाल, पाणी दे, पैसे देऊ नको. हप्ता थेट खात्यात पडतो, त्याच्या हातात काहीच नसतं.

ठेकेदार नेमायचा नाही. योजनेतही तसंच लिहिलंय, पण माझं कारण वेगळं आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी विशीत होतो. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. आपल्याकडची घरं कशी होती? दोन-तीन फुटी दगडाच्या भिंती, आत मातीचा चिखल, वर माळवद, आणि दर पावसाळ्याआधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर. सगळं वजन माणसांवर आलं. पुढे पुनर्वसनाचं काम निघालं, जागतिक बँकेच्या कर्जातून. ५२ गावं नव्या जागी उठली. मी तिथे बिगारी म्हणून लागलो आणि गवंडी होऊन बाहेर पडलो. घरं जमिनीच्या हिशोबाने दिली होती: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. भूमिहीनाला २५०, म्हणजे तुझ्या घरकुलाहूनही लहान. जिथे ठेकेदाराने बांधली तिथे मालक लांबून बघायचा, गळायला लागल्यावर शिव्या द्यायचा. जिथे लोकांनी पैसा-सामान घेऊन स्वतः दुरुस्ती केली तिथे म्हातारीसुद्धा मला विचारायची, “अरे, पाणी मारलंस का?” ती म्हातारी तू हो.

तिथेच शिकलो तेवढं सांगतो. तुमची जमीन काळी आहे. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते, भिंतीला उभी भेग पाडते. मुरूम लागेपर्यंत खण, चार फूट लागो की सहा. गवंडी म्हणेल पुरे झालं. कुदळ घालून आवाज ऐक. विटा रात्रभर भिजव, कोरडी वीट सिमेंटचं पाणी पिऊन टाकते. लिंटलचा पट्टा फक्त दारा-खिडकीवर नको, चारी भिंतींवरून सलग फिरव. सळई जास्त लागेल, लागू दे. बचत करायची तर फरशीत कर, गिलाव्यात कर, पहिल्या वर्षी रंग देऊच नको. पट्ट्यात आणि स्लॅबमध्ये करू नको. स्लॅब झाला की कडेने आळी करून चौदा दिवस पाणी साठवून ठेव. बाकी सगळं मिळेल, मार्च-एप्रिलमध्ये तुमच्याकडे पाणी मिळणार नाही. म्हणून दिवाळीनंतर लगेच सुरुवात कर आणि स्लॅब संक्रांतीच्या आगेमागे उरक.

शौचालय शेवटी ठेवू नको. शेवटचा हप्ता त्याच्यावर अडतो, आणि सगळ्यांचे पैसे नेमके तिथेच संपलेले असतात.

जावईबापूंना नकाशाबद्दल तू काही बोलू नको, ते मी बघतो. भाऊबीजेला येतोच आहे. ओळंबा, गुण्या आणि दोरी माझ्याकडे आहे. तू चार खुंट्या आणि फक्की आणून ठेव, फक्की नसली तर चुलीची राख चालेल. गूळ-खोबरं आण, नारळ मी आणतो.

तुझा मामा