आधी कागद, मग पत्रा

चि. बाळूस,


बुलेटची टाकी स्वतःच्या हाताने घडवायची म्हणतोस आणि कोणतं इंग्लिश व्हील घेऊ, असं विचारतोस. सध्या कोणतंच घेऊ नकोस. ते चाक पत्रा ताणतं, गुळगुळीत करतं; कुठे ताणायचा ते सांगत नाही. ते कळेपर्यंत लाकडी मोगरी, वाळू भरलेली चामड्याची पिशवी, डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा), सपाट तोंडाचा हातोडा आणि कात्री एवढ्यावर भागव. पत्रा २० गेजचा सीआर (कोल्ड-रोल्ड पोलाद) घे, म्हणजे साधारण ०.९ मिमी. ॲल्युमिनियम ठोकायला मऊ, पण जोडायला नाठाळ. शिवाय ते वितळेपर्यंत लाल होत नाही, त्यामुळे तापवताना नवख्याच्या हातून भोक पडतं.

पत्र्याला गोलाई दोनच वाटांनी येते. मध्ये ठोकून ताणायचा, तिथे तो पातळ होतो. किंवा कडेला आकसवायचा, तिथे जाड होतो. नवशिके सगळं ताणूनच काढतात, कारण ते सोपं. मग फुगवट्याच्या टोकाला पत्रा इतका पातळ होतो की वेल्डिंगची ज्योत लागताच फाटतो. तू आकसवणं शीक. मोदकाला कळ्या पाडतो तशा कडेला चुण्या घालायच्या आणि त्या आतल्या आत जिरवायच्या. चुणी आडवी पडून घडी झाली, की तिथे चीर गेलीच समज.

रविवारी कसबा पेठेत तांबट आळीत जाऊन ये. बंब-घंगाळांचं मठारकाम बघ. नुसते ठसे बघू नकोस, हात बघ. घाव पडायची जागा तीच राहते, फिरतं ते भांडं. ठोकून तांबं ताठर झालं की पुन्हा तापवून मऊ करतात. तुझा पत्राही ठोकल्यावर असाच अडेल, तेव्हा जोर वाढवू नकोस, तापव.

पण खरी टाकी ठोकण्याआधीच ठरते. थर्माकोलचा आकार घासून फ्रेमवर बसव. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतंय का, गुडघे कुठे येतात, खालच्या बोगद्यातून फ्रेमची नळी आणि वायरिंग मोकळं जातंय का, ते तपास. १२ लिटर हवे असतील तर आत १२,००० घन सेंटिमीटर जागा हवी. बोगदा त्यातली बरीच खातो, हे लोक विसरतात. मग त्या आकारावर तपकिरी कागद चिकटव. कागद जिथे चुरगळतो तिथे पत्रा आकसवायचा. जिथे कापावा लागतो आणि फट पडते तिथे ताणायचा. पेनने तसं लिहून ठेव. हा कागद नीट जमला, तर निम्मं काम झालं असं मी मानतो. बाकीचे लोक मशीन दाखवतात.

जोड अशा जागी घे की आतून डॉली पोचेल. तळ शेवटी लाव. टाकी एकदा बंद झाली की आतून हात जात नाही आणि उरलेला प्रत्येक पोचा लांबीने भरावा लागतो. लांबी मला आवडत नाही, हे तुला माहीत आहेच. झाकण आधी विकत आण, गळा त्याच्या मापाने कर. झाकणाला हवेचं छिद्र नसेल तर पेट्रोल उतरणार नाही.

गळती बघताना साबणाचं पाणी लावून २-३ पीएसआयच हवा भर. कंप्रेसर थेट जोडलास तर तळ फुगेल. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं, म्हणून आत लेप लावणार असशील तर इथेनॉलला टिकणाराच निवड.

एक गोष्ट मात्र हुकूम समज. सरावासाठी जुनी टाकी आणून तिला वेल्डिंग करायचं नाही. भरलेल्यापेक्षा रिकामी टाकी धोक्याची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी बसते आणि धुऊनही सांदीतून निघत राहते. हवेत दीड ते साडेसात टक्के वाफ असली तरी स्फोट होतो. कोरा पत्राच ठोक.

टाकी रस्त्यावरच्या गाडीला चढवण्याआधी आरटीओत विचार; १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घे.

दिवाळीला कोल्हापूरला येताना कागद गुंडाळून आण, सपाट घडी घालू नकोस. पत्रा मी आणून ठेवतो. टिग वेल्डिंगवाला ओळखीचा आहे, पण आधी मोगरी. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा