आवड येते कोठून?

सुरतेच्या लिंबायत-उधना भागात खानदेशातून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. तेथे नवरात्रात गरबा आणि लग्नात अहिराणी गाणी कानी पडतात. आमच्या आजीला गरबा म्हणजे गोंगाट वाटतो. माझे पाय मात्र जागेवर ठरत नाहीत. घर एक, आवडी दोन!

मानसशास्त्रज्ञ झायोंक यांनी १९६८ साली दाखविले की, वारंवार भेटणारी गोष्ट नुसत्या परिचयानेही आवडू लागते. २०१६ साली 'नेचर'मध्ये आलेला अभ्यास आणखी बोलका आहे. पाश्चात्त्य संगीताशी फारसा संबंध न आलेल्या, बोलिव्हियातील चिमाने लोकांना सुसंवादी आणि विसंवादी स्वरमेळ सारखेच गोड वाटले. अहिराणी गाण्यांना 'हलकी' म्हणणाऱ्या माझ्या वर्गबंधूंनी याचा जरूर विचार करावा.

तथापि परिचय हे भांडवल धरले, तरी नफा सर्वांना सारखा मिळत नाही. गदगचे भीमसेन जोशी (कन्नड विभागाच्या वाचकांना त्यांची ओळख नकोच) अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकून लहान वयातच गुरूच्या शोधात घराबाहेर पडले. ती तबकडी गावात इतरांच्याही कानांवर पडलीच असेल. ते सारे घरीच राहिले.