जुन्या नौकांचा जीर्णोद्धार व रूपांतर : एक उपयुक्त छंद

जुनी वस्तू टाकून द्यावी, की तिच्यातील शाबूत भाग राखून तिला नवे काम द्यावे, हा प्रश्न घराघरांत आणि गावोगाव नेहमीच उपस्थित होतो. हैदराबादमधील सुलतान बाजारच्या रहिवाशांना त्याचे एक उत्तर रोज डोळ्यांसमोर दिसते. हा भाग पूर्वी रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जाई. १९३३ साली तो निजाम सरकारकडे परत आला व त्यास सुलतान बाजार हे नाव मिळाले. जवळच असलेला इंग्रज रेसिडेंटांचा प्रासाद एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधला गेला. सत्ता बदलली, रेसिडेंट गेले. परंतु इमारत पाडली गेली नाही. १९४९ पासून तेथे मुलींचे महाविद्यालय भरू लागले आणि अलीकडच्या वर्षांत त्या वास्तूचा जीर्णोद्धारही करण्यात आला. मूळ सांगाडा राखून उपयोग बदलणे, यालाच रूपांतर म्हणतात.

हाच विचार नौकांच्या बाबतीत लागू करणारा एक छंद जगातील अनेक देशांत रुजला आहे. आपल्याकडे तो अद्याप फारसा परिचित नाही. वस्तुतः त्यासाठी लागणारी सामग्री आपल्याकडे विपुल आहे. कोकणात व गोव्यात फायबरच्या होड्या आल्यापासून लाकडी होड्या किनाऱ्यावर पडून राहू लागल्या. गोदावरी, कृष्णा, भीमा या नद्यांवर पूल झाले आणि उतारावरच्या नावा निकामी ठरल्या. मराठवाड्यातून हैदराबादेस येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतील वृद्धांना अशा नावेतून केलेला प्रवास अजूनही आठवत असेल. या नावा जळणासाठी फोडल्या जातात, तेव्हा केवळ लाकूड नष्ट होत नाही. ती घडविणाऱ्या सुतारांचे ज्ञानही त्यांच्याबरोबर लोप पावते. म्हणून या विषयाची प्राथमिक माहिती ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी या सर्वांना असणे इष्ट आहे.

काही बोधप्रद उदाहरणे

या छंदाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जोशुआ स्लोकम या दर्यावर्दी गृहस्थाचे आहे. शिडाच्या जहाजांचे दिवस संपत आल्यामुळे त्यांच्या हातचे काम गेले होते. अशा वेळी एका परिचिताने त्यांना 'स्प्रे' नावाची जुनी नौका देऊ केली. अमेरिकेतील फेअरहेवन या गावी ती कित्येक वर्षे एका शेतात टेकू देऊन ठेवलेली होती. स्लोकम यांनी जवळच्या कुरणातील ओकचे झाड तोडून तिचा तळकणा नव्याने घडविला. पुढे एकेक बरगडी व एकेक फळी ते बदलत गेले. या कामास तेरा महिने लागले आणि साहित्याचा खर्च सुमारे ५५३ डॉलर आला. केवळ ३७ फूट लांबीच्या या नौकेतून त्यांनी १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिलेच मानले जातात.

दुसरे उदाहरण मुंबईशी निगडित आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी १८१७ साली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका मलबारी सागवानात बांधली. युद्धनौका म्हणून तिचा उपयोग संपल्यावर १८९७ मध्ये व्हीटली कॉब या गृहस्थाने ती विकत घेतली व मुलांना नौकानयनाचे शिक्षण देण्यासाठी तिचे रूपांतर केले. १९८६ पर्यंत ती या कामी आली. नंतर इंग्लंडमधील हार्टलपूल येथे १९९० ते २००१ या काळात तिचा जीर्णोद्धार झाला आणि आजही ती पाण्यावर तरंगत आहे. सागवानात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे ते सहसा कुजत नाही व त्यात ठोकलेले लोखंडही लवकर गंजत नाही. उत्तम लाकडाची निवड दोनशे वर्षे फळ देते, हा यातील धडा होय.

केरळमधील 'केट्टुवल्लम' नौका तर रूपांतराचा आदर्शच म्हणता येतील. या नौकांच्या फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असतात. पूर्वी त्यांतून भाताची वाहतूक होत असे. मालमोटारी आल्यावर त्या निकामी झाल्या. १९९० नंतरच्या दशकात त्यांवर बांबू व चटयांचे हलके छप्पर चढवून पर्यटकांसाठी तरंगती घरे तयार करण्यात आली. शेजारच्या बांगलादेशातही पूरग्रस्त भागांत २००२ पासून नौकांवर शाळा भरविल्या जात आहेत. पुरामुळे मुलांना शाळेत जाता येत नसेल, तर शाळेनेच मुलांकडे जावे, ही त्यामागील साधी कल्पना आहे.

नौकेची परीक्षा

जुनी नौका घेण्यापूर्वी तिची बारकाईने परीक्षा करणे अत्यंत आवश्यक आहे. बाहेरचा रंग फसवा असतो. टोकदार टोचा घेऊन फळ्या, बरगड्या व तळकणा ठिकठिकाणी दाबून पाहावा. निरोगी लाकडात टोचा सहजासहजी शिरत नाही. कुजलेल्या लाकडात तो लोण्यात शिरावा तसा शिरतो. लाकडी ठोकळ्याने ठोकून पाहिल्यास चांगले लाकूड खणखणीत वाजते, तर कुजक्याचा आवाज बद्द येतो.

लाकूड पाण्यात राहिल्याने कुजते, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओलावा व हवा या दोन्ही गोष्टी लागतात. म्हणून पूर्णपणे पाण्याखाली असलेला भाग बहुधा टिकतो. ज्या कोपऱ्यांत पावसाचे पाणी साचते व वारा पोहोचत नाही, तेथे कुजण्यास सुरुवात होते. लाकडातील ओलावा साधारणपणे वीस टक्क्यांच्या खाली ठेवल्यास बुरशी वाढू शकत नाही. यास्तव नौकेवर छप्पर असावे. परंतु ती हवाबंद झाकू नये. खाऱ्या पाण्यातील नौकांना लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्याचा उपद्रव होतो, म्हणून त्यांचा तळ विशेष लक्षपूर्वक तपासावा. खिळ्याभोवती लाकूड काळे पडून ठिसूळ झाले असेल, तर तो खिळा आतून गंजला आहे असे समजावे.

दुरुस्तीची पद्धती

दुरुस्तीचा पहिला नियम असा की, सर्व कुजक्या फळ्या एकाच वेळी काढू नयेत. तसे केल्यास नौकेचा मूळ आकार बिघडतो व तो पुन्हा साधता येत नाही. प्रथम नौकेस दोन्ही बाजूंनी भक्कम टेकू द्यावेत, तिची मापे व रेखाटने करून ठेवावीत आणि मग एक भाग काढून त्याच्या जागी नवा बसविल्यावरच दुसऱ्यास हात लावावा.

फळीचा थोडाच भाग खराब असल्यास तेवढाच कापून नवा तुकडा जोडता येतो. हा जोड तिरका कापलेला असावा व तिरक्या कापाची लांबी फळीच्या जाडीच्या निदान आठपट असावी. फळी दीड सेंटिमीटर जाडीची असेल, तर जोड बारा सेंटिमीटर लांबीचा होईल. नवे लाकूड शक्यतो जुन्याच जातीचे व पुरेसे वाळलेले असावे. खिळे तांब्याचे वापरल्यास प्रथम खर्च अधिक येतो. परंतु ते दीर्घकाळ टिकतात.

फळ्यांमधील सांध्यांत तेलात भिजविलेला कापूस ठोकून भरण्याची व त्यावर राळ आणि तेल यांचे मिश्रण लावण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. येथे एक दक्षता घ्यावी लागते. कोरड्या जागी राहिलेल्या नौकेच्या फळ्या आकसलेल्या असतात. अशा वेळी सांधे अति घट्ट भरले, तर पाण्यात फुगलेल्या फळ्यांना जागा राहत नाही व बरगड्यांवर ताण येतो. दुरुस्त केलेली नौका प्रथम उथळ पाण्यात दोन-चार दिवस बांधून ठेवावी. सुरुवातीस पाणी आत येईल. फळ्या फुगल्यावर ते आपोआप कमी होईल. तसे न झाल्यास सांधे पुन्हा तपासावेत. ओल्या व कुजक्या लाकडावर फायबरचा थर चढवून दोष झाकण्याचा मोह टाळावा. त्यामुळे ओलावा आत कोंडला जातो व कुजण्याची क्रिया अधिकच वाढते.

रूपांतर आणि स्थिरता

रूपांतराच्या कामात सर्वाधिक धोका स्थिरतेकडे दुर्लक्ष झाल्याने उद्भवतो. हा विषय शाळेत शिकविल्या जाणाऱ्या आर्किमिडीजच्या सिद्धान्तावरच आधारलेला आहे. सहा मीटर लांब व दीड मीटर रुंद अशी नौका घेतली, तर टोकांकडील निमुळता भाग वजा जाता पाण्याच्या पातळीवर तिचे क्षेत्रफळ सुमारे ६.३ चौरस मीटर भरते. एक घनमीटर गोड्या पाण्याचे वजन १,००० किलोग्रॅम असल्याने ही नौका दर ६३ किलोग्रॅम भाराबरोबर सुमारे एक सेंटिमीटर खाली जाईल. सरासरी ६० किलोग्रॅम वजनाची दहा माणसे बसल्यास ती साडेनऊ सेंटिमीटर बुडेल. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असते. म्हणून कोकणातील होडी तलावात आणल्यास त्याच भारास ती किंचित अधिक खाली बसते.

तथापि नौका किती बुडते एवढेच पाहून भागत नाही. तीच दहा माणसे तळाशी बसण्याऐवजी नव्या बांधलेल्या मजल्यावर उभी राहिली, तर नौका तेवढीच बुडेल. परंतु गुरुत्वमध्य वर गेल्याने थोड्याशा हेलकाव्यानेही ती कलंडू शकेल. त्यात सर्वजण एका बाजूस सरकले किंवा तळाशी साचलेले पाणी एकीकडे वाहिले, तर अपघात अटळ ठरतो.

हा केवळ पुस्तकी इशारा नाही. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे ७ मे २०२३ रोजी एक दुमजली प्रवासी नौका उलटून २२ जणांचा मृत्यू झाला. त्यांत अनेक लहान मुले होती. ती मूळची मासेमारीची नौका असून तिचे रूपांतर केलेले होते आणि तीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे घेतली होती, असे तपासात दिसून आले. हैदराबादच्या हुसेनसागरातही १९९० साली बुद्धाची प्रचंड मूर्ती तराफ्यावरून नेत असता ती तळाशी गेली व त्यात मनुष्यहानी झाली; १९९२ मध्ये ती मूर्ती वर काढून उभारण्यात आली. पाण्यावर भार ठेवताना अंदाज चालत नाही, हिशेबच करावा लागतो.

म्हणून छंद म्हणून रूपांतर करणाऱ्याने पुढील नियम कटाक्षाने पाळावेत. मूळ नौकेवर मजला चढवू नये. छप्पर बांबू, चटई अथवा कापड यांसारख्या हलक्या वस्तूंचे असावे. पाण्याच्या टाक्या, इंजिन इत्यादी जड वस्तू तळाशी व मध्यभागी ठेवाव्यात. भाराची कमाल रेषा बाहेरच्या बाजूस ठळक रंगाने आखावी. प्रत्येक माणसामागे एक जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय नौका पाण्यात नेऊ नये. देशांतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक नौकांसाठी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमान्वये तपासणी व नोंदणी आवश्यक आहे. रूपांतर करण्यापूर्वीच संबंधित कार्यालयाचा सल्ला घ्यावा. काम झाल्यावर घेतलेला सल्ला महाग पडतो.

प्रारंभ कोठून करावा

नवशिक्याने मोठ्या गलबताचा विचार करू नये. तेलंगणातील कृष्णेच्या काठी बांबूची गोल, टोपलीसारखी नाव वापरतात. तिला तेलुगूत 'पुट्टी' म्हणतात. तिच्या मोडलेल्या कामट्या बदलणे व बाहेरचे आवरण नव्याने चढविणे हे काम बुरूड कारागिराच्या मार्गदर्शनाखाली शाळेतील मुलांनाही शिकता येण्याजोगे आहे. त्यानंतर चार-पाच मीटर लांबीची वल्ह्याची होडी हाती घ्यावी. कोकणात किंवा गोव्यात नातेवाईक असणाऱ्यांनी तेथील वृद्ध सुतारांकडे काही दिवस बसून काम पाहावे व त्याची टिपणे ठेवावीत. गोव्यात बांधलेली व शिवलेल्या फळ्यांची 'कौंडिण्य' ही नौका २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. जुने कौशल्य जाणणारी माणसे हयात होती, म्हणूनच ते शक्य झाले.

सर्वच नौका पुन्हा पाण्यात जाण्यायोग्य नसतात. ज्या नौकेचा तळकणा व बहुतेक बरगड्या कुजल्या आहेत, तिला पाण्यात उतरविण्याचा हट्ट धरू नये. अशी नौका शाळेच्या आवारात वाचनकट्टा म्हणून किंवा गावाच्या वेशीवर छायेखाली ठेवता येते. तिच्याशेजारी ती कोणत्या उतारावर चालत होती, कोणत्या लाकडाची आहे व तिचे भाग कोणते, एवढी माहिती लिहिलेला फलक लावल्यास ती इतिहास, भूगोल व विज्ञान हे तिन्ही विषय शिकविणारी वस्तू ठरेल. ग्रामपंचायती व शाळा यांनी आपल्या हद्दीतील अशा जुन्या नावांची एक यादी केली, तर या कामाचा प्रारंभ अल्प खर्चात होऊ शकेल. जी नाव फोडली जाईल, ती पुन्हा मिळणार नाही. निदान तिची मापे तरी त्यापूर्वी कागदावर उतरविली जावीत.