अक्विला आणि प्रिस्किल्ला : युवकांसाठी उघडे घर

वाचन : प्रेषितांची कृत्ये १८:१-४ व १८-२८, रोमकरांस पत्र १६:३-५



आपले काही युवक आम्हां धर्मगुरूंना अधूनमधून एक प्रश्न विचारतात. त्यांचे कॉलेजातले किंवा ऑफिसातले प्रॉटेस्टंट मित्र सांगतात की, त्यांच्या चर्चमध्ये एक विवाहित जोडपे ‘युवा पाळक’ म्हणून सेवा करते. नवरा-बायको मिळून युवकांना बायबल शिकवतात, त्यांच्या अडचणी ऐकतात, कधी घरी जेवायलाही बोलावतात. “फादर, आपल्याकडे असे का नाही?”

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आपल्या लॅटिन परंपरेत धर्मगुरू सहसा अविवाहित असतो. त्यामुळे ‘पाळक दांपत्य’ असे पद आपल्याकडे नाही. परंतु पद नाही म्हणून ती सेवाही नाही, असे समजण्याचे कारण नाही. प्रभू येशूच्या पुनरुत्थानानंतर पंचवीस वर्षे उलटण्यापूर्वीच एक दांपत्य ही सेवा करीत होते. त्यांची नावे बायबलमध्ये आहेत. आज आपण त्यांच्याकडे जरा जवळून पाहू या.

कोण होते हे दांपत्य?

अक्विला हा मूळचा पंत प्रांतातला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर किनाऱ्याकडचा यहुदी. प्रिस्किल्ला त्याची पत्नी. संत पौल तिला ‘प्रिस्का’ म्हणतो. दोघे रोममध्ये राहत होते. इ. स. ४९ च्या सुमारास सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोम सोडण्याचा हुकूम काढला आणि या दोघांनाही घरदार सोडून करिंथला यावे लागले. तंबू तयार करणे हा त्यांचा धंदा होता. पौलाचाही तोच धंदा होता. म्हणून पौल त्यांच्याकडे उतरला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला. करिंथमध्ये पौल दीड वर्ष राहिला. पुढे तो निघाला तेव्हा हे दोघे त्याच्याबरोबर इफिसपर्यंत गेले आणि तेथेच राहिले.

नव्या करारात या दोघांचा उल्लेख सहा वेळा येतो. सहाही वेळा दोघांची नावे बरोबर आहेत. एकट्याचा किंवा एकटीचा उल्लेख एकदाही नाही. त्यांपैकी चार वेळा पत्नीचे नाव आधी आहे. त्या काळी हे नेहमीचे नव्हते. सेवेत प्रिस्किल्लेचा वाटा किती मोठा होता हे त्यावरून दिसते. तिने केवळ चहापाण्याची व्यवस्था पाहिली आणि पतीने शिकवले, असे चित्र बायबल रंगवत नाही.

त्यांना मुलेबाळे होती की नव्हती, याविषयी बायबल काहीच सांगत नाही. ज्या दांपत्यांना मूल नाही आणि धर्मग्रामाच्या कार्यक्रमांत ज्यांना आपण बाजूला पडल्यासारखे वाटते, त्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. या दोघांची ओळख त्यांच्या अपत्यांवरून झालेली नाही. त्यांच्या उघड्या दारावरून झाली आहे.

अपुल्लोसची गोष्ट

इफिसमध्ये अपुल्लोस नावाचा एक प्रचारक आला. आलेक्सांद्रियाचा, विद्वान, वक्तृत्व उत्तम, आवेशही भरपूर. परंतु त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. त्याचे ज्ञान अर्धवट होते. त्याचे वय किती होते हे आपल्याला सांगितलेले नाही. पण हुशारी आहे, उत्साह आहे आणि पाया अजून पक्का नाही, ही अवस्था आपल्या युवकांमध्ये आपण रोज पाहतो.

प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी काय केले ते पायरीपायरीने पाहू या.

पहिली गोष्ट, त्यांनी त्याचे बोलणे सभास्थानात बसून पूर्ण ऐकून घेतले. दुसरी गोष्ट, त्यांनी चार लोकांसमोर त्याची चूक काढली नाही. त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. तिसरी गोष्ट, समजावून सांगणारे दोघे होते. चौथी गोष्ट, त्यांनी त्याला आपल्यापाशी धरून ठेवले नाही. त्याला अखयात जायचे होते, तेव्हा इफिसच्या बंधूंनी तेथल्या शिष्यांना पत्र लिहून त्याला पाठिंबा दिला आणि तो गेला.

पुढे करिंथमध्ये गट पडले. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे मी अपुल्लोसचा, कोणी म्हणे मी केफाचा. ज्या दांपत्याने करिंथमध्ये पौलाला घरात ठेवले आणि अपुल्लोसला शिकवले, त्यांच्या नावाचा मात्र गट पडल्याचे पौल लिहीत नाही. युवकांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकासाठी ही उत्तम कसोटी आहे. आपल्या मागे आपले चाहते उरतात की प्रभूचे शिष्य उरतात?

दांपत्य काय देऊ शकते?

धर्मगुरू युवकांना पुष्कळ काही देऊ शकतो. मिस्सा, पापनिवेदन, प्रवचन, बायबलचे शिक्षण. परंतु पगार संपत आलेला असताना आणि मुलांची फी भरायची असताना झालेले भांडण रात्री झोपण्यापूर्वी कसे मिटवावे, हे आम्ही पुस्तकातून सांगू शकतो. करून दाखवू शकत नाही. ते विवाहित माणसेच दाखवू शकतात.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल म्हणतो की, न्यायाची कृत्ये करूनच माणूस न्यायी होतो. सद्गुण व्याख्यानाने येत नाही, सरावाने येतो. आणि सराव करायचा तर तो कसा करतात हे कुठेतरी पाहायला मिळावे लागते. आज विशी-पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी लग्नाविषयी बहुतेक मोबाइलवरून शिकते. तेथे एकतर नटूनथटून काढलेले फोटो असतात, नाहीतर घटस्फोटाच्या बातम्या. साधे, थकलेले, एकमेकांना सांभाळून घेणारे जोडपे तेथे सहसा दिसत नाही. ते आपल्या गल्लीत दिसू शकते, दार उघडे असेल तर.

म्हणूनच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर जो दस्तऐवज काढला, त्यात पौलाला साह्य करणाऱ्या स्त्री-पुरुषांची आठवण करताना याच दांपत्याच्या वचनांचा संदर्भ दिला आहे. कुटुंबांनी करावयाच्या कामांच्या यादीत किशोरवयीनांना सल्ला आणि मदत देणे हेही काम तेथे नमूद आहे. अर्थात, हे काम धर्मगुरूची रिकामी जागा भरण्यासाठी दिलेले नाही. ते विवाहसंस्कारातूनच येते.

अलीकडचे उदाहरण पाहायचे तर रोमचे लुईजी आणि मरिया बेल्त्रामे क्वात्रोकी पाहा. लुईजी सरकारी सेवेत वकील होते, मरिया लेखिका. १९०५ साली त्यांचा विवाह झाला आणि चार मुले झाली. २१ ऑक्टोबर २००१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना एकत्र ‘धन्य’ घोषित केले. पतिपत्नीला एकत्र हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांचा सण त्यांच्या मृत्यूच्या दिवशी येत नाही. तो २५ नोव्हेंबरला, म्हणजे त्यांच्या लग्नाच्या वाढदिवशी येतो. लग्न हाच त्यांचा पवित्रतेचा मार्ग होता, हे ख्रिस्तसभेने त्या तारखेतूनच सांगितले.

मनातल्या शंका

एखाद्या दांपत्याला या सेवेसाठी विचारले की काही उत्तरे हमखास येतात. त्यांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे.

“फादर, आमचीच भांडणे होतात.” होणारच. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली युवकांसाठी लिहिलेल्या ‘ख्रिस्त जिवंत आहे’ या पत्रात युवकांच्या मार्गदर्शकांविषयी लिहिले आहे. मार्गदर्शकाला देव्हाऱ्यात बसवू नये, कारण तो पडला तर युवक पार कोसळतात. आपण अपूर्ण आहोत आणि क्षमा मिळालेले पापी आहोत, हे ओळखणारा मार्गदर्शक हवा. न भांडणारे जोडपे शोधत बसलो तर कोणीच मिळणार नाही. भांडून पुन्हा एकत्र येणारे जोडपे हवे.

“आमचा मुलगाच चर्चला येत नाही, आम्ही दुसऱ्यांच्या मुलांना काय सांगणार?” हे दुःख अनेक घरांत आहे आणि ते मुकाट्याने सोसले जाते. परंतु ज्यांनी हे दुःख सोसले आहे, ते दुसऱ्याच्या मुलाला हिणवत नाहीत. ते ऐकून घेतात. ही पात्रता लहान नाही.

“वेळ कुठे आहे?” ही शंका सर्वांत खरी. पहाटेची गाडी पकडणाऱ्यांना आणि शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना आम्ही रोज सभा घ्या असे सांगणार नाही. अक्विला आणि प्रिस्किल्लाही दिवसभर तंबू शिवत होते. युवकांसाठी धावता धावता स्वतःच्या मुलांशी बोलायला वेळ उरला नाही, तर ती सेवा उलटी झाली. पहिला धर्मग्राम म्हणजे आपले घर.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. मुले आपल्याला सोपवलेली असतात. अठरा वर्षांखालील मुलाला किंवा मुलीला कोणीही प्रौढ व्यक्तीने बंद दाराआड एकटे भेटू नये, रात्री-अपरात्री खासगी मेसेज पाठवू नयेत. घरी बोलवायचे तर आईवडिलांना माहीत असावे आणि पतिपत्नी दोघे हजर असावेत. एखाद्या मुलाने आपल्यावर अत्याचार झाल्याचे सांगितले, तर ते ‘घरातले प्रकरण’ म्हणून झाकून ठेवता येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. घर उघडे असावे याचा अर्थ तेथील वागणेही उघड असावे.

सुरुवात कशी करावी?

मोठ्या योजनेची गरज नाही. महिन्यातून एक संध्याकाळ. सहा-सात युवक. प्रथम साधे जेवण, मग त्या रविवारच्या शुभवर्तमानातला उतारा आणि मोकळ्या गप्पा. दांपत्याने बोलण्यापेक्षा ऐकावे अधिक. ज्या प्रश्नाचे उत्तर येत नाही, तेथे “आम्ही विचारून सांगतो” असे म्हणावे आणि खरोखर विचारून सांगावे. बायबल व धर्मशिक्षणाच्या तयारीसाठी आम्ही धर्मगुरू मदत करू. दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या दांपत्याकडे काम सोपवावे, म्हणजे ओझे वाटणार नाही आणि गटही पडणार नाही.

दृढीकरण संस्कार झाला की आपली अनेक मुले हळूहळू दिसेनाशी होतात. पुन्हा भेटतात ती लग्नाची नोंदणी करायला. मधली दहा-बारा वर्षे ती कोणाकडे जातात, कोणाशी बोलतात? त्या वर्षांत त्यांना जायला आपल्या गावात एक तरी घर असावे, एवढीच ही विनंती आहे. ज्या दांपत्यांना मनात काही हालचाल जाणवते, त्यांनी आधी एकमेकांशी बोलावे, एकत्र प्रार्थना करावी आणि मग मिस्सेनंतर आम्हांला भेटावे. संत अक्विला आणि प्रिस्किल्ला यांचा सण ८ जुलैला असतो, हेही कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी आपल्या मुलांचे मित्र-मैत्रिणी मोकळेपणाने येतात का? नसतील, तर का?

२. एखादा युवक चुकला असे वाटते तेव्हा आपण त्याच्याशी बोलतो की त्याच्याविषयी बोलतो?

३. आपल्या वैवाहिक जीवनातली कोणती गोष्ट पुढच्या पिढीला उपयोगी पडेल?

प्रार्थना

हे प्रभो, तू अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या हातांना काम दिलेस आणि त्यांच्या घराला पाहुणे दिलेस. आमच्या धर्मग्रामातील दांपत्यांना एकमेकांवरील प्रेमात स्थिर ठेव. आमच्या युवकांना त्यांचे ऐकून घेणारी माणसे दे आणि आमची दारे त्यांच्यासाठी उघडी राहू दे. आमेन.