घोरणे आणि आंबट ढेकर

कन्नडमध्ये घोरण्याला ‘गोरके’ म्हणतात. शब्दच घोरल्यासारखा वाटतो. शेजारचे कन्नड काका त्यावरून आमच्या बाबांची थट्टा करीत. घोरणारा माणूस सुखाची झोप घेतो, अशी घरातही समजूत होती. पण दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या बाबांना डुलक्या येत आणि रात्री घशात आंबट पाणी येऊन ते दचकून उठत. आंबट पाण्याला आम्ही ‘पित्त’ म्हणत होतो, डुलक्यांना वय. पित्ताची बाटली कित्येक वर्षे उशाशी होती. शेवटी आई डॉक्टरांना म्हणाली, “घोरता घोरता हे मधेच गप्प होतात. मी जागी राहून श्वास मोजते.” त्यानंतर तपासणीची दिशाच बदलली.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैलावतात की श्वासाची वाट मिटते. निदान 10 सेकंद श्वास अडला, तर तो एक खंड धरतात. श्वास थांबण्याचे वा बराच मंदावण्याचे असे प्रकार तासाला 5 पेक्षा कमी असणे सामान्य, 30 किंवा अधिक असल्यास विकार तीव्र. यालाच ‘स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणतात. दर वेळी मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो. सकाळी त्यातले काही आठवत नाही, मात्र दिवसभर झोप येत राहते. असा माणूस वाहन चालवीत असेल तर धोका उघड आहे.

आता पोटाकडे वळू. अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंचे एक कडे असते. ते जठरातील आम्ल वर येऊ देत नाही. घसा मिटलेला असताना छाती हवा ओढण्यासाठी धडपडते. त्यामुळे छातीतील दाब उतरतो आणि पोटातील आम्ल वर ओढले जाऊ शकते. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणेही क्वचित होते; म्हणून वर आलेले आम्ल लवकर धुऊन जात नाही.

येथे संख्याशास्त्राचा तास आठवतो. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे! लठ्ठपणा दोन्ही विकारांना पोषक आहे, तेव्हा ते एकत्र आढळणारच. शिवाय अनेकदा श्वास न अडताही ते कडे आपणहून क्षणभर सैल होते. नाकावाटे दाबाने हवा देण्याची पद्धत कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये सिडनीहून प्रसिद्ध केली. तिने रात्रीची जळजळ कमी होते, हे पुढे दिसून आले. पण स्लीप अ‍ॅप्निया नसलेल्यांनाही तिचा गुण येतो, कारण ती छातीतील दाबच वाढवते. तेव्हा हा पुरावाही निर्णायक नाही. डॉक्टरांना दोन्ही तक्रारी एकाच वेळी सांगणे मात्र निश्चित उपयोगाचे. बाबांनी पित्त सांगितले, घोरणे कधीच नाही. त्यांना ती तक्रारच वाटत नव्हती.

बाबा आता रात्री मुखवटा लावून झोपतात. जेवण झोपेच्या तीन तास आधी होते. जादा उशा घेतल्याने पोट दुमडते, म्हणून पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवायच्या होत्या. त्या मीच मागच्या अंगणातून आणल्या.