जुनी मोटरबोट घेताना : पालकांसाठी छोटासा पाठ

वॉटर स्कीइंगचा जन्म अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात झाला. १९२२ साली पेपिन तलावावर १८ वर्षांचा राल्फ सॅम्युएलसन लाकडी फळ्यांवर उभा राहून बोटीमागे घसरत गेला. आजही तिथली अनेक कुटुंबं मुलांच्या हौसेसाठी जुनी मोटरबोट घेतात. घेताना काय बघायचं?

१) ठोकून बघा. माठ घेताना आपण टिचकी मारतो ना, तसंच! जुन्या फायबरग्लास बोटींत आत बहुधा लाकूड असतं. इंजिनाचा भार पेलणारी मागची भिंत ठोकल्यावर बद्द वाजली किंवा तळ पायाखाली दबला, तर लाकूड कुजलं असण्याची शक्यता असते. वरचा रंग कितीही चकचकीत असो, दुरुस्ती महाग पडते.

२) इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलं असं समजा. पाण्यात चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

३) सर्वांत महत्त्वाचं म्हणजे धूर. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू ना दिसतो, ना त्याचा वास येतो. तो बोटीच्या मागे साचतो आणि मुलांना बसायला आवडते तीच जागा! इंजिन चालू असताना तिथे कुणालाही बसू देऊ नका.

मिनेसोटात चालत्या बोटीत १० वर्षांखालील मुलांना लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. आपण मोठ्यांनीही घालावं. मुलं सांगून नाही, बघून शिकतात.